रंकाळ्यावरचे चार सेकंद

"म्याडम, सावकाश सांगा. मला खाली यायची घाई न्हाय."

दोन वर्षांपूर्वी उजळाईवाडीच्या विमानतळावर संयोगिता विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरमध्ये पहिल्यांदा एकटी बसली, तेव्हा हा आवाज तिच्या कानांत आला होता. सूचना देताना तिची नुसती घाई उडालेली... आणि आभाळातून कुणीतरी चक्क कोल्हापुरीत धीर देतंय! रेडिओच्या नियमात न बसणारं ते वाक्य तिनं गुपचूप मनाच्या कोनाड्यात ठेवून दिलं.

आवाज होता अमरसिंहचा. कागलच्या दूधदुभत्याच्या घरातला. आता लहान विमानं उडवायला शिकवायचा. विमान उतरलं, की कँटीनमध्ये दोन कप घेऊन हजर.

"आज वारा कुठला सांगितलासा म्याडम? मला तर सगळा तुमच्याकडंच वाहतोय वाटलं."

"पावणं, चहा प्या. निवतोय."

एवढंच. ती पापण्या झुकवून हसायची आणि ओठांवर आलेलं गिळायची. तिला भीती एकच — जीव जडला त्यालाच वाट दाखवताना जीभ अडखळली तर? वर असलेल्या माणसाला खालच्या आवाजाचाच आधार. तो कापून कसं चालेल? म्हणून ती गप्प होती.

दसरा आठवड्यावर आलेला. परतीचा पाऊस पन्हाळ्यावर रेंगाळत होता. उसाच्या फडांवर ऊन-सावली पळत होती. मोना ही शिकाऊ वैमानिक आज एकटीच आभाळात होती. नागपूरला निम्मं शिकून इथं येऊन तिला जेमतेम आठ दिवस झालेले.

"कळंबा तलावावर आहे. उंची पंधराशे फूट," रेडिओवर ती म्हणाली.

त्याच उंचीवर अमरसिंह पन्हाळ्याकडून परतत होता. त्याची वाट रंकाळ्यावरून. दोन तळ्यांत अंतर भरपूर. इथं टॉवरमध्ये रडार नाही, पडद्यावर विमान दिसत नाही. वैमानिक सांगेल तिथं ते आहे, असं धरायचं. संयोगितानं धरलं. पण मोनाचा सूर तिला जरा अधांतरी वाटला.

"खाली काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"तळं... काठाला बाग. फिरायचा रस्ता... गाड्या, माणसंच माणसं!"

संयोगिताच्या काळजात चर्र झालं. कळंब्याच्या काठी कुठली एवढी माणसं? तिकडं तुरुंगाची लांबच लांब भिंत. सांजच्याला भेळ खायला अख्खं कोल्हापूर लोटतं ते रंकाळ्यावर! परगावची पोर तळं बघून कळंबा समजली होती... आणि अमरसिंह नेमका तिच्यावर चालून येत होता.

तिनं त्याच्या विमानाचा नंबर पुकारला. "ताबडतोब डावीकडे वळा. दोन हजार फुटांवर चढा. समोर विमान आहे. मोना, तुम्ही आहात तशाच सरळ राहा."

एक... दोन... तीन... चार. उत्तर नाही.

खालच्या मैदानावर वारा गवत विंचरत होता. संयोगिताचा श्वास तेवढा थांबला होता.

"वळलो. चढतोय." मग जरा हळू, "बघितलं तिला. शेपटीवरचा नंबर वाचता आला."

दोन्ही विमानं सुखरूप टेकली. असं काही घडलं की टॉवरमधल्या माणसानं खुर्ची सोडायची आणि अहवाल लिहायचा, हा रिवाज. सहकारी स्नेहलनं तिची जागा घेतली. संयोगिता जिना उतरून आली, तोवर बारीक सर सुरू झाली होती. कँटीनच्या पत्र्याखाली मोना मुसमुसत होती आणि अमरसिंह तिला समजावत होता —

"रडू नगं गं. मी हितलाच, तरी पैल्या महिन्यात हायवे समजून दुसऱ्याच रस्त्यामागं गेलतो. पन्हाळा पायाखाली आला तवा कळलं!"

मोना डोळे पुसत हसली आणि तोंड धुवायला गेली. संयोगिता मात्र त्याच्यासमोर उभी ठाकली. केसांवर थेंब, डोळ्यांत अंगार.

"चार सेकंद लागतात व्हय बोलायला?"

"आधी वळलो, मग बोललो. तसंच शिकवत्यात आमाला. आधी विमान, मग तोंड."

"आणि हितं माझा जीव गेलता त्याचं काय?"

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. नेहमीची थट्टा ओठांवर आलीच नाही. "पर तुमच्या आवाजात... काय सुदिक जाणवलं न्हाय. देवळातल्या समईगत थिर हुता. घाबरला न्हाईसा?"

"घाबरले. जन्मात कधी एवढी घाबरले नव्हते."

"मग?"

"तरी आवाज कापला नाही," ती म्हणाली... आणि स्वतःच्याच शब्दांनी चकित झाली. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. इतके दिवस जिची धास्ती घेतली, ती घडी आली, गेली, आणि आवाज जागच्या जागी होता! तिला एकदम हसू फुटलं. गालांवर पावसाचं पाणी होतं की डोळ्यांतलं, कोण जाणे.

"काय झालं? हसताय का?"

"अमरसिंह..." त्याच्या नजरेला भिडलेली नजर तिनं आज खाली घातली नाही. "दोन वर्षं झाली, बोलायचं राहूनच गेलंय. माझा तुमच्यावर जीव हाय. लई जीव हाय."