मास्तरांच्या वाकड्या ओळी

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर खुशाल पुढची पोस्ट वाचा, मला कुणाचं मन वळवायचं नाहीये. फक्त एकदा सगळं सांगून मोकळं व्हायचंय. घरात आता हा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

रात्र नव्हती. अमावास्या वगैरे तर नव्हतीच. रविवारची भर दुपार होती, लख्ख ऊन होतं. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात मी एकटी होते.

एकटी म्हणजे... सोबत सासूबाई होत्या.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. परतताना मी म्हटलं, "आई, दहा मिनिटं ऑफिसात डोकावू? बारीकसं काम आहे."

"तुझी दहा मिनिटं मला पाठ आहेत गं," त्या म्हणाल्या. "डबा तिथेच खाऊ मग. मी इंजेक्शन घेऊन टाकते."

इन्सुलिनचं इंजेक्शन. ते एकदा घेतलं की त्यांना अर्ध्या तासात पोटात काहीतरी लागतं. नाहीतर साखर झपाझप उतरते. मागे एकदा घरीच असं झालं होतं. घामाने थबथबल्या, वाचा गेली, डोळे फिरवले. जेमतेम वाचल्या. तेव्हापासून त्यांच्या जेवणाच्या वेळेला मी डोळ्यांत तेल घालून जपते.

त्यांना काचेच्या मीटिंगरूममध्ये सोफ्यावर बसवलं, तिथेच त्यांनी इंजेक्शन घेतलं. डबा माझ्या टेबलावर राहिला. म्हटलं, हे एवढं करते आणि जेवायलाच बसू.

आमची कंपनी कार्डाने उघडणाऱ्या दारांचं सॉफ्टवेअर बनवते. साहेबांचा नियम असा, की जे विकायचं ते आधी आपल्या दारांना लावायचं. म्हणजे कोडमध्ये काहीही बदललं, की ते मिनिटभरात आमच्याच दारांवर चालू होतं.

आणि कोड नीट दिसावा म्हणून आम्ही एक टूल वापरतो, फॉरमॅटर. तुम्ही ओळी कशाही लिहा, फाइल सेव्ह केली की ते सगळं आपोआप सरळ करतं. मोकळ्या जागा सारख्या करतं, ओळीखाली ओळ आणतं. कोडचं काम मात्र तसूभरही बदलत नाही. हे लक्षात ठेवा, कारण मी अजून स्वतःला हेच बजावते.

एकच फाइल या टूलमधून सुटली होती. मास्तरांची.

मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने. कुलपांचा मूळ कोड त्यांच्याच हातचा. ओळी अशा वाकड्यातिकड्या, की बघून डोकं उठावं. अंगठ्याने स्पेसबार बडवत एकेक ओळ सरकवायचे. टक... टक... टक... फॉरमॅटरचा त्यांना भयंकर राग. "माझ्या ओळींना ते यंत्र लावाल तर याद राखा," म्हणायचे. फाइलच्या अगदी वरती त्यांनी टूलसाठी सूचना लिहून ठेवली होती, इथे हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. कोपऱ्यातल्या टेबलाशी, काम करता करता, खुर्चीतच.

मला वाकडं काही खपत नाही. घरी मी टॉवेलसुद्धा कडेला कड जुळवून वाळत घालते. सासूबाई मला फूटपट्टी म्हणतात. तर मी ती सूचना पुसली आणि फाइल सेव्ह केली.

क्षणात सगळ्या ओळी सरळ. जीव कसा थंड झाला!

तेवढ्यात...

टक.

कोपऱ्यातल्या टेबलाकडून. मी वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, कीबोर्डही कधीच उचलून नेलेला. नुसतं रिकामं टेबल.

स्क्रीनकडे पाहिलं तर... पहिली ओळ बाजूला सरकलेली.

मी परत सेव्ह केलं. ओळ सरळ.

टक... टक...

दोन ओळी वाकड्या.

आता मला घाबरायला हवं होतं की नाही? मी चिडले. मोठ्याने म्हणाले, "मास्तर, माझ्या वाकड्यात शिरू नका हं!" आणि स्वतःच हसले. पुन्हा सेव्ह केलं, आणि इरेला पेटून कोड दारांवर पाठवूनही दिला.

आवाज थांबला.

मग... खट्. बाहेरचं मुख्य दार.

खट्. पँट्रीचं दार.

खट्. मीटिंगरूमचं.

तिन्ही कुलपांवर लाल दिवे.

"अगं, हे दार का उघडत नाहीये?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

मी डबा घेऊन धावले. कार्ड लावलं. लाल. पुन्हा लावलं. लाल. त्या आतून बटण दाबत होत्या, तेही मेलेलं. वॉचमनला फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. खुर्ची उचलून काचेवर आपटली, तिला ओरखडासुद्धा नाही.

"आई, बसून राहा! घाबरू नका!"

"घाबरतंय कोण? भूक लागलीय मला." पण हे बोलताना त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता.

माझ्या हातात डबा. मध्ये बोटभर जाडीची काच.

मी टेबलाकडे पळाले. जुना कोड परत आणला, सेव्ह केलं. टूलने तो सरळ केला. मास्तरांची सूचना परत लिहिली. ती पुसली गेली. टूलच बंद करून टाकलं. तरीही... ओळी सरळ. जी नीटनेटकी फाइल मला हवी होती, ती आता माझ्याकडून हलेना.

तिकडे सासूबाई सोफ्यावर कलंडल्या होत्या.

मला रडू फुटलं. त्या कोपऱ्याकडे बघून मी अक्षरशः हात जोडले. "मास्तर, तुमची फाइल तुम्हाला लखलाभ. पाया पडते, त्यांना सोडा."

काहीच नाही.

मग...

टक. टक. टक. टक. टक.

एकेक ओळ सरकत गेली. सगळ्यात वर ती सूचना उमटली.

खट्.

तिन्ही कुलपांवर हिरवे दिवे. मी आत झेपावले. पँट्रीतून साखर आणून बोटाने त्यांच्या तोंडात घातली. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे उघडले. मी त्यांना घट्ट मिठी मारली. त्यांनी मला... ढकललं.

 रात्री जेवताना, नवऱ्यासमोर, ताटातून मान वर न करता म्हणाल्या,

"दार का धरून ठेवलंस?"

"मी? आई, मी तर टेबलाशी कोड..."

"तू टेबलाकडे गेलीच नाहीस. डबा खाली ठेवलास आणि दाराची मूठ धरून उभी राहिलीस. मी आतून ओढत होते, तू बाहेरून. माझ्याकडेच बघत होतीस. हाका मारल्या तुला, तुझी पापणी लवली नाही. आणि सारखा अंगठा आपटत होतीस काचेवर. टक, टक, टक."

नवरा म्हणाला, "आई, तुझी साखर उतरली होती. भास होतात अशा वेळी."

असेलही. मला तर टेबलाशी बसल्याचं नीट आठवतंय. मी दार धरलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या दोन्ही तळहातांवर दाराच्या मुठीचे लाल वळ होते, आणि उजवा अंगठा सुजला होता. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

सासूबाई पुन्हा माझ्याशी बोलतात. हसतात, चेष्टाही करतात. फक्त आम्ही दोघीच घरात असलो, की त्या आपल्या खोलीत जाताना एक चप्पल दाराच्या फटीत अडकवून ठेवतात. मी ते पाहते आणि काही विचारत नाही.