आडवाटेची झडप

झडप बंद केल्याला तिसरा दिवस उजाडला, तेव्हा भिकाजी परब आपल्या पायांनी बेसिनपर्यंत गेले, दाढी केली आणि आठवणीने नळ बंद केला. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई बघतच राहिल्या. वर्षभर नळ, गॅस, घराचा रस्ता, सगळंच ते विसरत होते. दोनदा तर बेशुद्ध पडले होते.

"आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, तिथे गाळून मग पुढे," डॉ. नूपुर धारपने पुन्हा समजावलं. "यांच्यात जन्मापासून एक आडवाटेची शीर आहे. रक्त यकृताला चुकवून, अमोनियाच्या विषासकट, थेट मेंदूपर्यंत पोहोचतं. तरुणपणी मेंदूने सोसलं, आता सोसत नाही."

पूर्वी अशी शीर कायमची बुजवत. आता आधी तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढी शीरझडप बसवत, बाहेरून उघडता-मिटता येणारी. तीन दिवस उघडी, तीन दिवस बंद, दोन्ही वेळा रुग्णाने आपला निर्णय लिहून द्यायचा, असा नियम होता.

"एक बघू का?" सुनंदाबाई म्हणाल्या. भिकाजी दशावतारी नाटकात राजाचं काम करत. तिथे संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतील तसे बोलायचे. पदर खोचून त्या दूत झाल्या. "महाराज, द्वारी कुणीतरी आलंय!"

झडप उघडी असताना याच वाक्यावर त्यांनी अर्धा तास अख्खा वॉर्ड हसवला होता.

आज ते दाराकडे वळले. "कोण? जेवणाचो डबो इलो?"

नूपुरला हसू आलं. सुनंदाबाईंना आलं नाही.

"ते बोलणं परत येईल?"

"माहीत नाही. ते यांचं होतं की अमोनियाचं, हेच सांगता येत नाही." तिने कागद पुढे केला. "झडप उघडी असताना यांनी लिहून दिलंय, 'बुजवू नकात. मेलंय तरी चलात.' पण उघडी ठेवली तर वर्ष निघणं कठीण."

"बुजवा," भिकाजी शांतपणे म्हणाले आणि कागदावरच्या आपल्याच अक्षराकडे बोट केलं. "त्येका परत विचारू नकात. तो नायच म्हणतलो."

त्याच कागदावर खाली 'बुजवा' लिहून त्यांनी सही केली.

"दोन्ही सह्या खऱ्याच," नूपुर हळूच म्हणाली. "नियम करताना वाटलं होतं, उत्तर एकच येईल. दोन आली, तर पत्नीने ठरवायचं."

"शीर जन्मापासूनची ना? म्हणजे माझं लग्न झालं ते त्या दुसऱ्याशी..." वाक्य तसंच सोडून सुनंदाबाईंनी 'बुजवा'खाली सही केली.

भिकाजींनी पेनाला टोपण लावलं. "जेवलंस गो?"

लग्नाच्या सव्वीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि परक्या माणसासमोर घ्यावा तसा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.