धरणाकाठचा डेक

"मॅडम, तो चमचा मिसळीसाठी दिलाय."

मी वर पाहिलं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि हसू दाबल्यामुळे जरा वाकडे झालेले ओठ. मी मात्र त्याच्या लाकडी डेकवर उकिडवी बसून चमच्याच्या दांड्याने फळी टोकरत होते. माझी मैत्रीण संजना, जिच्यासोबत मी रविवारी नाश्त्याला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आले होते, ती आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने पाण्याकडे बघत बसली.

"तुमची फळी पावापेक्षा मऊ झालीये," मी म्हणाले.

तोही शेजारी उकिडवा बसला. परतीच्या पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. फळ्यांवर पाणी साचलं होतं, आणि ओल्या लाकडाचा तो आंबूस वास... तो चांगला नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"लाकडाच्या डॉक्टर का तुम्ही?"

"सुताराची मुलगी. नाशकात द्वारका चौकाजवळ आमचं वर्कशॉप आहे."

"नाव?"

"वर्कशॉपचं की माझं?"

"आधी तुमचं," तो म्हणाला, "मग वेळ उरला तर वर्कशॉपचं."

साक्षी जाधव, मी सांगितलं. तो सार्थक. गिरणाऱ्याकडे त्यांच्या द्राक्षांच्या बागा होत्या आणि त्यांना लागूनच, इथे पाण्याकाठी, चार खोल्यांचं पर्यटन केंद्र. लोक येत ते या डेकसाठीच. पाण्यावर पुढे आलेला, चाळीस माणसं सहज मावतील एवढा. बारा वर्षं ऊन-पाणी खाऊन राखाडी पडलेला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. डेक बघायला याल का?

पप्पांनी त्याच्या वडिलांशी फोनवर वेळ ठरवली आणि मी त्यांना घेऊन गेले. माझे पप्पा, सावळीराम जाधव, चाळीस वर्षं रंधा मारतायत. पण हल्ली माप घेणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे असतं. तिथे सार्थकचे वडील, रंगनाथकाका, खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं आधीच ठरलं होतं.

"घासून पॉलिश मारा. दिवाळीला गर्दी होती. डेक चकचकीत दिसला म्हंजे झालं."

"काका, खाली उतरता का?" मी विचारलं.

ते उतरले. मी मोठा पेचकस घेतला आणि डेकखालच्या एका वाशात खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तेच. वरच्या फळ्या सागाच्या होत्या. कडेच्या पाच-सहा सोडल्या तर आतून ठणठणीत. पण ज्या वाशांवर त्या टेकल्या होत्या ते कुठलंतरी स्वस्त जंगली लाकूड होतं, थेट मातीत रोवलेलं. त्यात फळ्या एकमेकींना चिकटून ठोकलेल्या, पाणी जायला फटच नाही.

"पॉलिश मारलं तर छान दिसेल," मी म्हणाले. "आणि दिवाळीत चाळीस माणसं उभी राहिली तर त्यांतली काही पाण्यात पडतील."

सार्थक पटकन वडिलांना म्हणाला, "नाना, या वर्षी पॉलिश करू, पुढच्या वर्षी सगळा नवा बांधू."

"नवा कशाला?" पप्पा म्हणाले. "फळ्या चांगल्याहेत की. त्या सोडवून घेऊ. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर लोखंडी चौकट. फळ्या उलट्या करून, रंधून परत बसवू. खालची बाजू उन्हात गेलेलीच नाही."

रंगनाथकाकांनी माझ्या हातातला पेचकस घेतला आणि स्वतः चार वाशांत खुपसून पाहिला. मग हात झटकले. "लय कुजलंय. पोरगी म्हणती तसं करा."

मला हा माणूस आवडला.

तीन आठवड्यांचं काम. सार्थक पहिल्या दिवसापासून मध्ये लुडबुडायला लागला. मी प्रत्येक फळीवर खडूने आकडा टाकायचे आणि तो ती उचलून रचायचा. दर वेळी आकडा मोठ्याने वाचायचा, बँकेत टोकन पुकारतात तसा.

"सत्तेचाळीस. साक्षी, सत्तेचाळीस नंबर जरा वाकडी आहे."

"तुझ्या हातात आल्यावर झाली असेल."

"कोणीही होईल."

पप्पा रंध्यावरून मान वर करायचे नाहीत. पण रंधा क्षणभर थांबायचा.

एकदा त्याच्या तळहातात लाकडाचं कुसळ गेलं. मी चिमटा आणला, त्याचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. वरून ताडपत्रीवर सर वाजत होती. कुसळ केव्हाच निघालं... पण मी हात सोडला नाही, आणि त्यानेही मागितला नाही.

"निघालं का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"सावकाश काढ," तो म्हणाला.

अकराव्या दिवशी स्क्रू कमी पडायला लागले. मी पप्पांवर चिडले. मोजून आणलेले होते. संध्याकाळी सार्थकने खिशातून मूठभर स्क्रू काढले आणि माझ्यासमोर धरले.

"रोज थोडे लपवत होतो. डेक संपला की तू यायची नाहीस, म्हणून."

"मी पप्पांना बोलले ना उगाच."

"मला बोल."

मी बोलले नाही. हसूही आवरलं नाही. धरणावरून गार वारा येत होता आणि त्याच्या शर्टाला सागाच्या भुशाचा वास येत होता. "मला तू आवडतेस," तो म्हणाला, अगदी हळू, "म्हणजे... खूपच." आणि मी म्हणाले, "मलाही." एवढंच. पण परतीच्या रस्त्यावर टेम्पोत बसल्यावर मला द्राक्षांच्या बागांचे खांबसुद्धा ओळीने माझ्याकडे बघतायत असं वाटलं.

मग एका सकाळी तो आमच्या वर्कशॉपला आला. कडेच्या नव्या फळ्या न्यायचं निमित्त होतं. आत पाऊल टाकलं आणि त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे बाबासाहेबांचा फोटो आहे, सागाच्या चौकटीतला, पप्पांनी स्वतः केलेली. सार्थक क्षणभर तिथेच थबकला. मग पप्पांनी चहा दिला, तो त्याने घेतला, गप्पा मारल्या, दुसरा कप मागितला. मी मनात म्हटलं, बघ, काही फरक नाही पडला. आपण उगाच घाबरतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी डेकवर फक्त आम्ही दोघं होतो. मी फळ्यांमधली फट मोजत होते, पेन्सिल बसेल एवढी.

"नाना तुमचं वर्कशॉप बघायला यायचं म्हणतायत," तो म्हणाला. "खोल्यांच्या खिडक्यांचं कामही तुम्हालाच द्यायचंय. मला वाटतं, त्याच दिवशी आपला विषय काढावा."

"काढ ना."

"फक्त..." तो पाण्याकडे बघायला लागला. "भिंतीवरचा तो फोटो... दोन तासांपुरता आतल्या खोलीत ठेवता आला तर..."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पेन्सिल फटीतून काढून घेतली.

"सार्थक, पप्पा नांदगावहून आले तेव्हा त्या गाळ्यात पहिली वस्तू तो फोटो होता. कटिंग मशीन नंतर आली."

"मला माहितीये गं. मला स्वतःला काहीच नाही त्याचं. एकदा लग्न झालं, तू घरात आलीस, की मीच सांगेन सगळ्यांना. तेव्हा नाना काही बोलणार नाहीत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तू जाधव. जाधव आमच्यातही असतात की."

"आमच्यात," मी म्हणाले.

तोंडातून काय गेलं हे त्याला कळलं होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगते. त्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला. मी धरू दिला, कारण तरीही तो मला आवडत होता. अशी आवड एका वाक्याने बंद होत नाही.

"काम संपायला चार दिवस आहेत," मी म्हणाले. "तू सांग नानांना. जसं आहे तसं. मग ते नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. मी तुझ्याबरोबर उभी राहीन. पण मी लपून राहणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला. "शपथ."

ते चार दिवस मी रोज त्याच्या चेहऱ्याकडे बघून सकाळ सुरू केली. रोज तो डोळ्यांनी म्हणायचा, आज. रोज संध्याकाळी नानांना पाहुणे असायचे, नाहीतर बागेच्या छाटणीला मजूर आलेले असायचे, नाहीतर त्यांचा मूड नसायचा. आकडे पुकारणं त्याने बंद केलं होतं.

शेवटच्या दिवशी तेलाचा दुसरा हात वाळला होता. उलटून बसवलेल्या फळ्या मधासारख्या दिसत होत्या. रंगनाथकाका चपला काढून अनवाणी डेकवर आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मधोमध थांबून दोनदा जोरात पाय आपटला. काही हललं नाही. ते खूश झाले. सगळ्यांसाठी चहा आला. पप्पा हत्यारं भरायला टेम्पोकडे गेले होते.

"पोरी," काका म्हणाले, "इतके दिस झाले, विचारायचंच राहिलं. तुमी कुठले जाधव?"

मी सार्थककडे पाहिलं. कप त्याच्या ओठांशीच होता. आत्ता, मी मनात म्हणत होते. आत्ता सांग... मी शेजारीच उभी आहे.

"नांदगावचे, नाना," तो म्हणाला. आणि लगेच, "म्हणजे तिकडचे जुने शेतकरीच. आपल्यासारखेच."

धरणावर एक होडी चालली होती. तो तिच्याकडे बघायला लागला.

"नांदगावचेच, काका," मी म्हणाले. "शेती कधीच नव्हती. आजोबा रेल्वेत हमाल होते. आम्ही बौद्ध आहोत."

रंगनाथकाकांनी कप खाली ठेवला.

"ते म्हायती हाय मला. तुझ्या बापाचा पयला फोन आला तवा जयभीम म्हणाला होता तो. मी गाव विचारत होतो." मग ते मुलाकडे वळले. "तू कशाला रं मधी बोलला?"

सार्थकचा चेहरा मला अजून दिसतो. राखेसारखा झाला होता. काका आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि काहीतरी त्यांच्या लक्षात आलं असावं. ते चपला पायात सरकवून बागेकडे निघून गेले.

डेक बांधायला चाललेली मुलगी सून म्हणून चालली असती का, मला माहीत नाही. कदाचित नसती. त्या माणसाने मला हाकलूनही दिलं असतं. पण ते विचारायचं ज्याच्या हातात होतं, त्याने विचारलंच नाही.

"साक्षी, मला वाटलं..." सार्थक म्हणाला. "मी तुला वाचवत होतो."

"कोणापासून?"

तो रिकामा कप हातात फिरवत राहिला.

"दर वर्षी पावसाळा संपला की तेलाचा एक हात द्या," मी म्हणाले. मी त्याला 'द्या' म्हणाले, हे आम्हा दोघांनाही ऐकू आलं. "फटीत पालापाचोळा अडकू देऊ नका."

मी टेम्पोत बसले. तो मागून धावत आला, माझ्या बाजूच्या खिडकीला हात ठेवून उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता, त्याच्या पापण्यांवर थेंब होते. मी काच खाली केली. मी थांबले. खरंच थांबले, पप्पांनी गाडी सुरू केल्यावरही. त्याने तोंड उघडलं, मागे वळून बागेकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

गिरणारे फाटा आला. वायपर चालू करता करता पप्पांनी विचारलं, "तो पोरगा निघताना काय म्हणत होता?"

"काही नाही म्हणाला, पप्पा," मी म्हणाले.