साधनाचा कापड-प्रयोग

मालेगावच्या स्टँडवर ऋषिकेश आपल्या गावच्या, रिठदच्या गाडीची वाट पाहत होता. शेतातली वांगी विकून झाली होती, रिकामी टोपली पायाशी होती. उन्हानं शर्ट पाठीला चिकटला होता. शेजारच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "जरा हात पुढं करता?"

काहून, हे न विचारताच त्यानं हात पुढं केला. त्या मुलीनं बाहीवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब थरथरला... अन् घरंगळून गेला.

"पक्कं पॉलिस्टर. घाम पिणार कसा?"

"तुमी कपड्याच्या डॉक्टर हाये का?"

"होऊन राह्यली," ती हसली.

ती साधना. वाशीमच्या कॉलेजात संशोधन करत होती. कॉस्टिक सोड्यानं पॉलिस्टर पाणी शोषतं, पण कापड झिजतं अन् उरलेलं पाणी नाला नासवतं. ती तेच काम कोमट पाण्यात एन्झाइम घालून करू पाहत होती. बोलताना तिचे डोळे असे चमकत, की ऋषिकेशची गाडी कधी निघून गेली, त्याला कळलंच नाही.

"शेतात घालून पाहाले माणूस पायजे. शर्ट देता मले?"

"आत्ता... इथंच?"

ती लाजली. "उद्या आणा."

एन्झाइममधून काढलेल्या शर्टानं पहिल्यांदा घाम प्यायला, पण चार धुण्यांत पुन्हा होता तसा झाला. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, कॉस्टिक वापर अन् मोकळी हो.

"नायी वापरणार," साधना ऋषिकेशला म्हणाली. मान ताठ होती. "त्या नाल्यावर लोकांच्या विहिरी हायेत."

ऋषिकेश तिच्याकडं पाहतच राहिला. एवढ्याशा पोरीत केवढं बळ.

तिनं एन्झाइम बदललं, कापड जास्त वेळ भिजवलं. दर आठवड्याला तो वाशीमला शर्ट नेई अन् परत घेऊन येई. दिवाळीनंतर एकदा, कितीतरी धुण्यांनंतरही, थेंब बाहीवर पडला अन् पसरून आत जिरला. सरांनी स्वतः पाहून मान डोलावली.

कॉलेजच्या फाटकाशी साधना म्हणाली, "झालं काम. आता शर्ट आणायची गरज नायी."

"मंग मी कायले येऊ?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "...कायले येत होते?"

"तुमाले पाहाले," तो हळूच म्हणाला. "मायले घेऊन येऊ का तुमच्या घरी?"

तिनं बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

"रविवारी बाबा घरी असतात," ती म्हणाली. "पण एक अट हाये. मले तुमी म्हणायचं नायी."

"बरं," ऋषिकेश अडखळला. "येतो... तू थांबशील ना दारात?"