शिवेवरचा दगड

चोर सापडला तेव्हा तो काही नेत नव्हता… ठेवत होता.

नव्या पारावर, गावाच्या दगडांमध्ये, एक गोल काळा दगड. सुभद्रा मागून खाकरली. "काय करून राहिला रे? कोनाचा दगड हाय हा?"

तो दचकला, मग हसला. त्याचं हसणं तिला मुळीच आवडलं नाही.

(आवडलं.)

गेल्या उन्हाळ्यात भातकुलीजवळच्या या गावात पटकीची साथ शिरली आणि कितीतरी घरं ओकीबोकी करून गेली. त्या माणसांची आठवण म्हणून गावानं निंबाभोवती पार बांधला होता. ज्यानं त्यानं पेढी नदीतून एक दगड आणायचा, गेलेल्याचं नाव घ्यायचं, शेंदूर लावून तो पारावर बसवायचा. सुभद्रेच्या आईचाही होता. तिच्या वडिलांनी, खुशालराव पाटलांनी, पार राखायचं काम तिच्यावरच सोपवलं होतं. अट एकच — गेलेला माणूस गावचाच हवा.

"माह्या भावाचा हाय," तो म्हणाला. "मी सहदेव. अकोल्याकडून अमरावतीले कापूस नेतो."

संशय

गाडीवान! समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून रस्त्यावर गाड्यांची रीघ. या गाडीवानांनीच पटकी आणली, असं अख्खा गाव म्हणत होता. सुभद्राही.

तिनं दगड उचलून शिवेच्या बांधावर नेऊन ठेवला.

त्याच्या पुढच्या खेपेला दगड पुन्हा पारावर… आणि सहदेव शेजारी, ऐटीत बसलेला.

"लाज नाही वाटत तुले?"

"वाटते ना. पन तुमी रागावल्या का लय चांगल्या दिसता — मंग इसरतो."

"माह्या बाबाले सांगीन!"

"सांगा. मागनी घालाले तसंही त्यायले भेटाच लागते."

तिनं हसू पदराआड दाबलं. दगड पुन्हा बांधावर गेला. पण या वेळी तिनं तो जरा हळू ठेवला.

दुसरा संशय, पहिल्याहून वाईट

दगडासाठीच तर गोड बोलत नसेल?… नजर किती सरळ. इतकं सरळ कोणी पाहतं का?

"भाऊ मेला कुठं तुहा?" तिनं शेवटी विचारलं.

सहदेवचं हसू मावळलं. "थ्या बाभळींखाली. गाड्या सोडल्या होत्या आमी. धडधाकट होता. मंग तुमच्या गावानं मरीआईचा गाडा आनून सोडला, अगदी आमच्यापाशी. गाड्यानं मेला का पान्यानं, देव जाने."

गाड्यात मरीआई बसवायची, ओटी भरायची, गाडा शिवेपार ढकलायचा आणि मागं न पाहता परतायचं. ओटी सुभद्रेनंच भरली होती — आई वाचावी म्हणून. बाभळींखाली कोण उतरलंय, ते कोणी पाहिलं नव्हतं. पाहायचं नसतंच.

"मंग तुले आमचा राग…"

"होता ना. पयल्या दिवशी भांडालेच आलो होतो. मंग तुमी खाकरल्या."

पाराची पूजा

सारा गाव जमला. सुभद्रेनं सगळ्यांदेखत बांधावरचा तो दगड आईच्या दगडाशेजारी मांडला.

"परका हाय थो!" म्हातारी तानुबाई ओरडली.

"आपल्या शिवेवर मेला," सुभद्रा वडिलांकडे वळली. "आपन मरी त्याच्याकडं ढकलली, बाबा. त्याले जागा नसन, तं आईचाही दगड काढते मी."

गाडा ढकलणाऱ्यांत खुशालराव सगळ्यांत पुढं होते. ते पुढं होऊन दगडापाशी बसले.

"नाव काय पोराचं?"

"किसन," सहदेव कसाबसा म्हणाला.

पाटलांनी अंगठा शेंदरात बुडवला.

उरलेला संशय

सहदेव बैल जुंपत होता. सुभद्रा जरा लांब उभी राहिली.

"झालं ना तुहं काम? आता कायले येशील इकडं?"

"आता बिनकामाचा येईन."

"खोटं."

"मंग भरोसा ठेवू नको, सुभद्रा. रस्त्यावर उभी राहून पाहत जाय… येतो का नाही."

तिनं भरोसा ठेवला नाहीच. अमरावतीच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली.