पुलानंतर गाणं थांबतं

आवाजमिस्त्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाड्यांमधले स्पीकर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करता करता लोकांनीच ते त्याला चिकटवलं होतं, आणि बावीस वर्षांत ते इतकं मुरलं होतं की सासुरवाडीचे लोकही त्याला त्याच नावाने ओळखायचे. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. खरं तर त्या विषयाला त्याच्याकडे सवडच नव्हती. आवाज बंद पडला की त्याला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा वीतभर वायरीत सापडतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली मोटरसायकल घेऊन आल्या. लांब पल्ल्याची अवजड गाडी होती ती. पुढे वारा अडवणारी काच, दोन्ही अंगांना पेट्या, चार स्पीकर आणि मागे खुर्चीसारखी रुंद सीट. बाई पन्नाशीच्या. गावोगावच्या गोठ्यांवर जायच्या, दिवसाला शंभरेक किलोमीटर सहज व्हायचे. एकट्याच असायच्या, त्यामुळे गाणी हीच सोबत.

"महिनाभर झाला, मधेच आवाज जातो," त्या म्हणाल्या. "आणि आपोआप परत येतो."

मिस्त्रीने फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत होता. बॅटरी तपासली, अर्थिंग तपासलं, सगळं ठीक. मग त्याने गाणं लावलं. अर्धा तास ते खणखणीत वाजत राहिलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आमच्याकडेही असंच होतं बघा. घरी तीन दिवस लंगडणारी गाय दवाखान्यात आली की तुरुतुरु चालते."

मिस्त्रीही हसला. मागच्या पेटीजवळची वायर दिसत नव्हती म्हणून त्याने एक पाय टाकला आणि मागच्या सीटवर बसून खाली वाकला. गाणं बंद झालं.

तो उठला. दोन क्षणांत गाणं परत सुरू झालं.

पुन्हा बसला. बंद.

"सापडलं!" तो म्हणाला, आणि सीटचे बोल्ट सोडवून त्याने ती उचलली. अॅम्प्लिफायर सीटखालीच बसवलेला होता. स्पीकरकडे जाणारी एक वायर सीटच्या पत्र्याखाली घासून उघडी पडली होती. मागे वजन आलं की पत्रा दबायचा, उघडी तार गाडीच्या सांगाड्याला टेकायची, अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागायचा आणि तो स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. वजन उतरलं की पुन्हा सुरू. याहून सरळ बिघाड त्याने वर्षभरात पाहिला नव्हता.

"मागे कोण बसतं तुमच्या?" त्याने सहज विचारलं.

"कोणीच नाही."

"नाही, म्हणजे कधीमधी..."

"मिस्त्री, मी एकटीच असते," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आता नव्हतं.

मिस्त्रीने सीट परत बसवली. खड्ड्यात आदळली तरी वायर टेकेल, पण ती क्षणभरच. त्याने खात्री करायची ठरवली. दुरुस्तीला आलेली ट्रकची एक बॅटरी उचलून सीटवर ठेवली. गाणं चालूच. कण्हत कण्हत दुसरी ठेवली, तेव्हा कुठे ते थांबलं. दोन बॅटऱ्या मिळून साठेक किलो. एका माणसाचं वजन.

"आवाज नेमका कुठे जातो?" त्याने विचारलं.

"कालव्याच्या पुलावर. जाताना नाही, येतानाच. मग घरापर्यंत गप्प. फाटकात गाडी उभी केली की परत वाजायला लागतं."

"रोज?"

"रोज."

शेजारच्या गाळ्यात मिस्त्रीची बायको कपडे शिवत होती, तिच्या मशीनची खडखड तेवढी येत होती. मग डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि हातमोज्यांशी चाळा करत हळू आवाजात सांगू लागल्या.

"महिन्यापूर्वी त्या पुलावर एका बाईने हात दाखवला होता. कठड्याला टेकून उभी होती. मी वेग कमी केला. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या औषधाची वेळ झालेली... मी तशीच पुढे आले. जरा पुढे गेल्यावर मन खाऊ लागलं, म्हणून आरशात बघितलं, तर कठड्यापाशी कोणीच नव्हतं. म्हटलं, गेली असेल चालत."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवसापासून गाणं थांबायला लागलं." त्या घुटमळल्या. "आणि आई रोज संध्याकाळी विचारते, तुझ्याबरोबर कोण आलंय गं? मला वाटायचं, वय झालंय तिचं. परवा मात्र म्हणाली, तिला सांग, माझ्या पायांवर बसू नकोस. जड होतंय."

मिस्त्रीने किल्ली मागून घेतली. "एक चक्कर मारून येतो. चालत्या गाडीवर बघितल्याशिवाय कळायचं नाही." हे तो बाईंना सांगत होता की स्वतःला, हे त्याचं त्यालाही उमगलं नाही.

लख्ख ऊन होतं. रस्त्यावर रहदारी होती. एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला ओळखून हातही केला. पूल ओलांडून तो पलीकडे गेला, तेव्हा गाणं उत्तम वाजत होतं. त्याने गाडी वळवली. परत पुलावर आला, तर समोरून उसाने भरलेली गाडी येत होती. पूल अरुंद, म्हणून कडेला थांबून त्याने एक पाय जमिनीवर टेकवला आणि वाट दिली.

तेवढ्यात गाडीचा मागचा भाग खाली बसला.

हिसका बसला नाही. कोणी तरी जपून, हाताचा आधार न घेता बसावं, तशी गाडी सावकाश दबली. गाणं थांबलं. कालव्याच्या पाण्याचा ओला, शेवाळी वास त्याच्या मानेजवळून आला. वारा तर समोरून वाहत होता.

मिस्त्रीने आरशात पाहिलं नाही. पुढे कधी कोणी विचारलं, की का रे बाबा पाहिलं नाहीस, तर तो एवढंच म्हणायचा, "पाहिलं असतं तर गाडी चालवता आली नसती." त्याने गिअर टाकला. जोडीने बसल्यावर हँडल जसं हलकं लागतं, तसं ते आता लागत होतं. वळणावर गाडी कलली की मागचं वजनही सवयीने कलायचं. बराच प्रवास केलेलं माणूस जसं बसतं, तसं.

दुकानासमोर येऊन त्याने गाडी उभी केली. सीट वर आली. गाणं पुन्हा वाजू लागलं.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वायर दबतेय," मिस्त्री म्हणाला. "बदलून देतो."

त्याने मन लावून काम केलं. नवी वायर टाकली, तिच्यावर जाड नळी चढवली आणि ती सीटपासून दूर, सांगाड्याच्या कडेने नेली. मग दोन्ही बॅटऱ्या सीटवर ठेवून पाहिल्या, स्वतः बसून पाहिलं. गाणं एकदाही अडखळलं नाही. बाई पाचला पुलापलीकडच्या एका गोठ्यावर जायला निघाल्या.

साडेसहाला त्यांचा फोन आला. "मिस्त्री, घरापर्यंत वाजलं हो! पुलावरसुद्धा."

"आता काही बसलं तरी वाजणारच," तो म्हणाला, आणि जरा थांबून त्याने विचारलं, "आणि आई?"

"तेच तर सांगायला फोन केला. आज तिने काहीच विचारलं नाही. मी आत गेले तर म्हणाली, आज एकटीच आलीस? बरं झालं." "तुम्ही नक्की काय केलंत?"

"वायर बदलली," मिस्त्री म्हणाला.

फोन ठेवून तो रिकाम्या दुकानाकडे बघत उभा राहिला. त्याच्या दारात आल्यावर गाणं सुरू झालं होतं. म्हणजे ती इथे उतरली होती. हा विचार त्याने हत्यारांबरोबर खोक्यात घालावा तसा बाजूला सारला, शटर ओढलं आणि बायकोला हाक मारली.

अजून उजेड होता. त्याने स्कूटर सुरू केली, बायको मागे बसली आणि दोघं घराकडे निघाले. चढावर स्कूटर कुरकुरली. त्याने गिअर कमी केला.

"अहो," बायको मागून म्हणाली, "जरा पुढे सरका ना. मी अगदी टोकाला आलेय, पडेन."

मिस्त्रीने खाली पाहिलं. त्याचे गुडघे पुढच्या पत्र्याला टेकलेले होते. सरकायला बोटभरही जागा नव्हती.

"खांदा धर माझा," तो कसाबसा म्हणाला.

"धरला असता हो," ती म्हणाली, "पण हात पोचत नाहीये..."