एकसष्ट ठिपके

घरात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. ध्रुवाकडच्या बर्फावर बसवलेला कॅमेरा रोज दुपारी बारा वाजता एक फोटो काढायचा आणि तीन देशांतले तीन मोजणारे आपापल्या ऑफिसात बसून त्यातल्या प्रत्येक पेंग्विनवर एक ठिपका द्यायचे. तिघांची मोजणी पूर्ण होईपर्यंत कुणाला कुणाचे ठिपके दिसत नसत. देशादेशांत विश्वास असला तरी ताकही फुंकून प्यायचं, असा तो मामला. तिकडे कॅमेऱ्याची देखभाल तिचा सख्खा मोठा भाऊ करायचा. हे काम त्यानेच तिला सुचवलं होतं.

त्या मंगळवारी फोटोत नुसतं धुकं होतं. एका काळ्या खडकाचं टोक तेवढं दिसत होतं. नियमाप्रमाणे ‘मोजणी अशक्य’ लिहून चार पानी फॉर्म भरायचा. पण मुलीच्या शाळेत साडेतीनला पालकसभा होती. तिने हात जाईल तिथे एकसष्ट ठिपके ठोकून दिले, शेवटचा त्या खडकाला चिकटून, आणि पळाली.

बुधवारी सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण होती. तिन्ही मोजण्या जुळल्या, एकसष्ट. आधी तिला हायसं वाटलं. मग तिने बाकी दोघांचे ठिपके उघडून पाहिले. ते तिच्या ठिपक्यांवर तंतोतंत बसत होते.

तिने दुसऱ्या देशातल्या मोजणाऱ्याला फोन लावला. म्हातारा वीस वर्षं याच कामात मुरलेला. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्याने कबूल केलं की त्यालाही काही दिसलं नव्हतं. फॉर्मचा कंटाळा आला, म्हणून अंदाजपंचे ठिपके दिले. तिसरीनेही तेच केलं होतं, हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं. चोर चोर मावसभाऊ, असं म्हणून ती हसली, पण फोन ठेवल्यावर तिने तिघांचे ठिपके पुन्हा एकदा ताडून पाहिले.

साडेअकराला भावाचा सॅटेलाइट फोन आला. तो पेंग्विनांच्या वसाहतीतच उभा होता. यंदा पक्षी भलत्याच उतारावर, एकमेकांपासून लांब लांब उभे आहेत आणि कालपासून जागचे हललेले नाहीत, असं तो सांगत होता.

“किती आहेत?” तिने विचारलं.

“साठ.”

“एकसष्ट असतील, दादा.”

“साठच. मला धरून एकसष्ट.” तो हसला. “मी खडकापाशी उभा आहे, सकाळपासून. हलावंसंच वाटत नाही गं.”

तिची नजर खडकाला चिकटलेल्या शेवटच्या ठिपक्यावर गेली. “खोलीवर जा, दादा. आत्ताच्या आत्ता.”

“फोटो निघू दे, मग जातो.”

खोटं आपण लिहिलं, आपणच मागे घेतलं की तो सुटेल, एवढंच तिला सुचलं. फोन कानाशी धरून तिने एकसष्टही ठिपके पुसले.

“दादा, आता निघ.”

पलीकडून वारा ऐकू येत होता. फोन चालू होता.

बारा वाजता फोटो आला. लख्ख ऊन, मोकळा उतार.

बर्फात साठ जागी पक्ष्यांच्या पायांचे ठसे होते आणि खडकापाशी, शेजारी शेजारी, बुटांचे दोन. तिथून निघालेलं पाऊल एकही नव्हतं.